न धरलेली मजुरी

गेल्या वर्षी भाद्रपदात माझे थोरले मामा वारले. वय नव्वद. यवत स्टेशनापासून दीड कोसावर, मुठा कालव्याच्या पाण्याखालची चार एकर जमीन आणि बांधालगत गोठा, एवढा त्यांचा संसार. त्या गोठ्यात त्यांनी सुमारे सत्तर वर्षे धारा काढल्या. दशक्रियेच्या दिवशी तिकडच्या रिवाजाप्रमाणे प्रवचन झाले आणि नंतर श्रद्धांजलीची भाषणे झाली. सरपंच बोलले, दूध संस्थेचे पदाधिकारी बोलले, तालुक्याच्या पुढाऱ्यांनी पाठविलेले प्रतिनिधीही बोलले. आणि प्रत्येकाच्या तोंडी एक शब्द हटकून आला : कुटुंबवत्सल. मामांनी कुटुंबासाठी देह झिजविला, असे सर्वांनी सांगितले.

ते खोटे नव्हते. मी त्याचा साक्षी आहे. परंतु तेहेतीस वर्षे अर्थशास्त्र शिकविलेल्या मला तो शब्द ऐकताना एक जुना हिशेब आठवला, आणि तो कार्यकर्त्यांपुढे मांडावा असे तेव्हापासून मनात आहे.

माझे घर शनिवार पेठेत. यवतहून शटलने पुण्याला येण्यास फार वेळ लागत नाही. तरी मामा आमच्या घरी एक रात्रही कधी राहिले नाहीत. माझ्या लग्नाला ते पहाटेची धार काढून, डब्याला बांधलेल्या दुधाच्या किटल्यांच्या गर्दीतून आले. अक्षता टाकल्या, पंगतीत चार घास खाल्ले आणि संध्याकाळच्या धारेसाठी दुपारच्या गाडीने परत गेले. तुकोबांची पालखी दरवर्षी यवतला मुक्कामाला असते. त्या रात्री वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढण्यात मामा पुढे असत. दुसऱ्या दिवशी वरवंडच्या वाटेला थोडे अंतर पालखीबरोबर चालत आणि माघारी फिरत. पंढरपूरपर्यंत एकदा तरी पायी जावे ही त्यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. गाईला एकादशी नसते, असे ते हसून म्हणत. कारखान्यातील कामगाराला आठवड्याची सुटी मिळावी म्हणून जगभर लढे झाले, रक्त सांडले. दूध काढणाऱ्याला सुटी असावी असे कोणाच्या स्वप्नातही आलेले नाही.

माझ्या लहानपणी दावणीला दोन म्हशी होत्या आणि दूध पुण्यातील एका हलवायाकडे जाई. तो मापात मारी, पैसे अडकवून ठेवी आणि दिवाळीला एक पेढ्यांचा पुडा देऊन मोकळा होई. पुढे गावात संस्था निघाली, दर दहा दिवसांनी हिशेब होऊ लागला. त्या रकमेला गावात ‘दुधाचा पगार’ म्हणतात. शेतकऱ्याच्या घरात नेमाने येणारा आयुष्यातील पहिला पैसा तो हाच. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ची स्थापना केली आणि त्या परिसरात संकरित गाई आल्या. म्हशी गेल्या, ‘जर्शी’ आल्या. दुधाचे आकडे वाढले. तसा पेंडीचा, औषधपाण्याचा आणि हिरव्या चाऱ्याचा खर्चही वाढला. या पैशावर मामांनी एका मुलीला नर्स केले, एका मुलाला आय.टी.आय. करून भोसरीला कामाला लावले, धाकट्याच्या नावे विहीर पाडली. सहकाराने त्या घराला माणसात आणले, हे मी कोणत्याही सभेत सांगेन.

आता तो हिशेब. १९८७ च्या उन्हाळ्यात मी नव्याने लागलेला प्राध्यापक होतो, आणि नव्या प्राध्यापकाला प्रत्येक गोष्टीचा तक्ता मांडण्याची खोड असते. ओसरीवर बसून कालनिर्णयाच्या मागच्या पानावर मी मामांच्या चार गाईंचा जमाखर्च मांडला. सरकी पेंड, भुसा, कडबा, मकवान, रेतनाचा आणि डॉक्टरांचा खर्च, भाकड काळातील पोसणी, गाईची दरवर्षी घटणारी किंमत. इथवर लिटरमागे थोडे पैसे उरत होते. मग मी विचारले, रोज किती तास काम करता? मामांनी बोटे मोजली. साडेचारला उठणे, शेण काढणे, धार, डेअरीवर घालणे, वैरण आणणे, कुट्टी करणे, पाणी पाजणे, पुन्हा संध्याकाळची धार. मामींचे तास वेगळे, आणि ते मामांपेक्षा जास्त निघाले. दोघांचे मिळून दिवसाला बारा-तेरा तास. शेतमजुराच्या तेव्हाच्या दराने मी ही मजुरी खर्चात धरली आणि बेरीज केली. तोटा आला. लिटरमागे लहान, पण वर्षाचा म्हटला तर डोळे पांढरे करणारा.

मामांनी आकड्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाले, “मग आमची मजुरी धरू नकोस.”

मी तेव्हा हसलो. विनोद म्हणून ही गोष्ट मी पुढे अनेक वर्षे वर्गात सांगितली. तो विनोद नव्हता, दूधधंद्याचा पाया होता, हे मला उशिरा उमगले.

रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह यांनी १९२५ च्या सुमारास नेमका हाच विचार मांडला होता. त्यांचे म्हणणे असे की कुटुंबाच्या श्रमावर चालणारी शेती भांडवलदाराच्या रीतीने नफा मोजत नाही; खाणारी तोंडे किती आणि अंगाला होणारे कष्ट किती, यांचा तोल ती सांभाळते. घरची गरज वाढली की ती अधिक राबते. म्हणून ज्या भावात मजूर लावून केलेली शेती बंद पडेल, त्या भावातही कुटुंबाची शेती टिकते. याला त्यांनी स्वशोषण म्हटले. स्टालिनच्या राजवटीने त्यांना १९३० साली अटक केली आणि १९३७ साली गोळी घातली. त्यांचे लेखन इंग्रजीत येण्यास १९६६ साल उजाडले. आपल्याकडील अनेक मार्क्सवाद्यांनी, शेतकऱ्यांमधील वर्गभेद त्यांनी झाकला म्हणून, त्यांना बाजूला ठेवले. तो आक्षेप निराधार नाही. परंतु चायानोव्ह यांच्यावर माझा आक्षेप निराळा आहे. कुटुंब स्वतःला पिळते, हे त्यांनी दाखविले. त्या पिळण्यातून निघालेला रस कोणाच्या भांड्यात पडतो, हा प्रश्न त्यांनी पुरेसा लावून धरला नाही.

पीकभावांच्या बाबतीत निदान कागदावर थोडी प्रगती झाली आहे. कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढताना रोखीच्या खर्चात कुटुंबश्रमाचे मूल्य मिळवितो, आणि २०१८ च्या अर्थसंकल्पापासून त्यावर दीडपट असा हमीभावाचा हिशेब सांगितला जातो. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरून दीडपट द्या, ही शेतकरी संघटनांची मागणी अजून बाहेरच आहे. तो वाद येथे नको. मुद्दा असा की गहू, तूर, कापूस यांत घरच्या माणसाची मजुरी हे एक कलम तरी आहे. उसालाही कायद्याने ठरविलेला दर आहे. दुधाला काही नाही. २०२३-२४ साली या देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध निघाले. जगात आपला पहिला क्रमांक आहे आणि त्याचा गजर प्रत्येक सरकार करते. हे दूध प्रामुख्याने दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या घरांतून येते. म्हणजे जगातील पहिला क्रमांक मुख्यतः न धरलेल्या मजुरीवर उभा आहे.

महाराष्ट्रातील गेल्या काही वर्षांचा अनुभव पाहा. जागतिक बाजारात भुकटीचे भाव कोसळले तेव्हा, जुलै २०१८ मध्ये, दूध रस्त्यावर आले आणि सरकारने गाईच्या दुधाला पंचवीस रुपये जाहीर केले. २०२० च्या टाळेबंदीत चहाची दुकाने आणि हॉटेले बंद झाली, भाव पुन्हा गडगडले. २०२३ मध्ये सरकारने किमान चौतीस रुपये ठरविले. काही महिन्यांतच प्रत्यक्ष दर त्याच्या पुष्कळ खाली गेला, कारण राज्यातील दुधाचा मोठा भाग आज खासगी संघांच्या हाती आहे आणि ठरविलेला दर न दिल्यास शिक्षा नाही. जुलै २०२४ मध्ये संघांनी तीस द्यावेत आणि सरकारने पाच अनुदान द्यावे असे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ते अठ्ठावीस आणि सात झाले. बेरीज तीच राहिली, संघांच्या डोक्यावरचे दोन रुपये तेवढे सरकारी तिजोरीवर आले. या बारीक उलाढालीकडे वर्तमानपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही. अनुदानही गाईच्या दुधाला, कानात बिल्ला असलेल्या जनावराचे, आणि खाते आधारशी जोडलेले असेल तर. मामांच्या गोठ्यातील एका गाईचा बिल्ला झुडपात अडकून तुटला होता. तिचे दूध, म्हणजे तिच्या दुधाचे अनुदान, दोन महिने सरकारदरबारी अस्तित्वात नव्हते.

हे दुखणे केवळ आपलेच नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात विस्कॉन्सिन नावाचे राज्य दुधासाठीच प्रसिद्ध आहे. युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या कुटुंबांनी तेथे पिढ्यान् पिढ्या गाई पाळल्या. १९३३ साली, महामंदीच्या तडाख्यात, तेथील शेतकऱ्यांनी तीनदा संप केला, रस्त्यावर दूध ओतले. त्यांच्यावर सैनिक घालण्यात आले. त्या देशात १९७० साली दुभत्या गाई असलेली साडेसहा लाखांच्या घरात शेते होती. आज परवाना असलेल्या दुग्धशाळा तीस हजारांच्या आत आहेत, आणि दूध मात्र पूर्वीपेक्षा जास्त निघते. तेथील वृद्ध शेतकरी मरतो तेव्हा चर्चमध्येही बहुधा कुटुंबवत्सल याच अर्थाचा शब्द उच्चारला जात असेल. स्वतःला पिळूनही ती कुटुंबे टिकली नाहीत, कारण हजारो गाईंच्या गोठ्याशी स्पर्धा करताना पिळायला अंगात शेवटी काही उरत नाही. आपल्याकडे तशा मोठ्या गोठ्यांची सुरुवात झाली आहे. म्हणून चायानोव्ह यांच्या सिद्धान्ताच्या भरवशावर निर्धास्त राहणे धोक्याचे आहे.

आता आपल्या स्वतःकडे वळतो. शहरातील समाजवादी चळवळीला अभिमान वाटावा अशी एक परंपरा महागाईविरोधी लढ्यांची आहे. १९७२ नंतर मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या मोर्चांनी सरकारला घाम फोडला. त्यांत धान्य, तेल, साखर यांच्याबरोबर दूधही होते, आणि ते योग्यच होते. कष्टकऱ्याच्या मुलाला दूध मिळालेच पाहिजे. परंतु शासनाचे दूधधोरणही पहिल्यापासून ग्राहकाच्या बाजूने उभे होते. १९४९ ची आरे वसाहत मुंबईच्या दुधासाठी झाली. उत्पादकाला आपला आवाज स्वतःच काढावा लागला. खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी १९४६ साली पंधरा दिवस दूध बंद ठेवले, त्यातून आणंदची संस्था जन्मली. पुढे चाकणच्या कांदा आंदोलनापासून, म्हणजे १९८० पासून, शरद जोशी भावाचा प्रश्न घेऊन उभे राहिले तेव्हा आपल्यातील अनेकांनी, मीही त्यांत होतो, हा बड्या बागायतदारांचा प्रश्न म्हणून नाक मुरडले. जोशींचे खुल्या बाजाराचे तत्त्वज्ञान मला आजही मान्य नाही. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी आपण त्यांच्या तत्त्वज्ञानाला उत्तर देत बसलो.

आमच्या वाड्यात दूध दोन रुपयांनी महागले की अजूनही कुरबूर होते. मीही ती केली आहे, आणि ज्या महिन्यात केली त्याच महिन्यात मामांकडे गेलो तेव्हा त्यांच्या दुधाचा दर उतरलेला होता. २०२४ साली शेतकऱ्याला तीसच्या आतबाहेर मिळत असताना पुण्यात पिशवी पंचावन्नच्या आसपास जात होती. मधल्या अंतरात शीतकरण, वाहतूक, वितरण यांचा रास्त खर्च आहे. रास्त किती आणि बाकी किती, हे सांगण्याचे बंधन कोणत्याही संघावर नाही. ते बंधन घालणारा कायदा, आणि ज्यात घरच्या दोघांची मजुरी खर्चात धरलेली आहे असा दर, या दोन मागण्या शहरातील आणि खेड्यातील कार्यकर्त्याला एकाच पत्रकात घालता येतील असे मला वाटते. ग्राहकावर त्याचा सगळा भार पडेलच असे नाही; काही पडेल. तेवढे शनिवार पेठेने सोसावे.

आणि दोघांची म्हणताना दुसरे माणूस विसरू नये. त्या दशक्रियेच्या भाषणांत मामींचे नाव एकदाच आले, तेही ‘त्यांच्या पश्चात’ या यादीत. १९८७ च्या माझ्या कागदावर त्यांचे तास जास्त होते. गाय मामांना पान्हा सोडीत नसे, मामींना सोडी. दगडी झालेली कास रात्री उठून शेकणे, वासराला चीक पाजणे, भांडी विसळणे हे सारे त्यांचे. संस्थेच्या सभासदपुस्तकात मात्र साठ वर्षे मामांचे नाव, आणि दहा दिवसांच्या पगारावर सही मामांची.

मामांच्या निधनानंतर वारसनोंद झाली तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. सचिवाने धाकट्या मुलाचे नाव लिहिले. मामींचे का नाही, असे मी विचारले. त्याने नम्रपणे सांगितले, “सर, त्या कुठे डेअरीवर येतात?” मामींना मी हे सांगितले तेव्हा त्या गव्हाणीत मकवान टाकीत होत्या. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी विचारले, पुस्तकावर नाव लागले तर पगार वेगळा मिळतो का? नाही म्हटल्यावर त्या पुन्हा कामाला लागल्या. सभासदत्वाचा अर्ज मी त्यांच्याकडून सही करून घेतला आहे आणि तो संस्थेकडे दिला आहे. पुढील सभेत तो येणार आहे.