बिळातील कोळी आणि माणसाची भीती

केनियापासून अंगोलापर्यंत आणि दक्षिणेस झिंबाब्वेपर्यंत, आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ व झुडपी प्रदेशांत एक मोठा, केसाळ कोळी आढळतो. याच्या गटातील कोळ्यांची पावले बबून माकडाच्या बोटांसारखी दिसतात. म्हणून त्यांना ‘बबून कोळी’ म्हणतात. भारतातील अष्टपाद प्राण्यांवर १९०० साली ग्रंथ लिहिणारे रेजिनाल्ड पोकॉक यांनीच १८९७ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. ‘टेरिनोकिलस म्युरिनस’ या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘उंदरासारखा’. तथापि काही भागांतील कोळी चक्क नारिंगी असतात.

हा कोळी क्रूर आहे, असा त्याचा लौकिक आहे. तो कितपत खरा? डिवचले असता तो पुढचे पाय उंच उभारून विषदंत दाखवितो, आणि पाहणारा त्यास आक्रमण समजतो. वस्तुतः तो इशारा होय. अमेरिकेतील अनेक मोठ्या कोळ्यांप्रमाणे शत्रूवर उडविण्याजोगे दाहक केस आफ्रिकेतील या कोळ्यास नाहीत. पळून जाणे, धमकावणे आणि अखेरीस चावणे एवढेच त्याच्या हाती उरते. दंश अतिशय वेदनादायक असतो व त्याने स्नायूंत पेटके येतात. परंतु त्यामुळे माणूस दगावल्याची नोंद नाही.

त्याचे खरे जीवन बिळात चालते. बिळास तो रेशमी धाग्यांचे अस्तर लावतो, आणि रात्री तोंडाशी बसून जमिनीच्या कंपांवरून भक्ष्याचा माग घेतो. नर वयात आल्यावर फार काळ जगत नाही. मादी मात्र दहा वर्षांहून अधिक जगू शकते. म्हणूनच एक बीळ खणून मादी उचलणे म्हणजे पुढील कित्येक वर्षांची वीण नाहीशी करणे होय.

नवल असे की, ज्या क्रौर्याच्या ख्यातीने लोक त्याला चिरडतात, तीच ख्याती हौशी संग्राहकांना भुरळ घालते. दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन ट्रान्सव्हाल प्रांताने १९८७ साली टेरिनोकिलससह बबून कोळ्यांच्या तीन प्रजातींना कायद्याचे संरक्षण दिले, हे योग्यच झाले. पण एका प्रांताचा कायदा त्याच्या सीमेपाशी थांबतो; ही जात मात्र अनेक देशांत पसरलेली आहे. विस्तृत प्रदेशात आढळते म्हणून ती सुरक्षित आहे, असे मानणे भोळेपणाचे ठरेल. बंदिवासात या कोळ्याची पैदास सहज होते. तेव्हा हौशीखातर रानातील बिळे उकरण्याचे समर्थन कोणत्याही सबबीवर होऊ शकत नाही.