मलमातला थेंब किती बारीक हवा?

सोलकढीसाठी काढलेले नारळाचे दूध तसेच ठेवले तर थोड्या वेळाने वर साय धरते. पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब एकमेकांना मिळून वर येतात. औषधाच्या दुकानातले क्रीमही बहुधा अशीच तेल-पाण्याची बांधलेली मोट असते. ती सुटू नये म्हणून त्यात साबणासारखे काम करणारे पदार्थ घातलेले असतात. साध्या क्रीममधला थेंब एक ते काही मायक्रॉनचा. ‘नॅनो’ म्हणून मिरवणाऱ्या क्रीममध्ये तो साधारण २० ते २०० नॅनोमीटर.

तेल तेवढेच ठेवून थेंबाचा व्यास दहापट कमी केला, की एकूण पृष्ठभाग दहापट वाढतो. औषधाला थेंबातून बाहेर पडायला तेवढी जास्त जागा मिळते. थेंब मात्र आख्खा आत जात नाही, जाहिरातीतली चित्रे काहीही दाखवोत. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड, पण त्याच्या पेशींमधल्या फटी फारच अरुंद. त्यातून जातो तो औषधाचा रेणू, तोही साधारण ५०० डाल्टनहून लहान असेल तर. शिवाय अतिबारीक थेंब टिकवायला ते साबणसदृश पदार्थ जास्त लागतात. हा थर सैल करण्यात त्यांचाही हात असतो, आणि आग होण्यातही.

आता गजकर्णाकडे पाहू. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यात घाम, दमट हवा आणि होडीवर तासन्‌तास अंगावर राहणारे ओले कपडे यांचे त्याला आयतेच आमंत्रण. ही बुरशी राहते त्याच वरच्या मृत थरात. म्हणजे औषध तिथेच टिकायला हवे. ते खोल गेले म्हणून रोग लवकर जात नाही. खोल जाऊन उपद्रव करते ते त्याच ट्यूबमध्ये मिसळलेले स्टेरॉइड. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि बुरशी निवांत पसरत राहते. पुढे त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे चरे पडतात.

जांघेसारख्या जागी थेंब बारीक करण्याची गरजही नसते. फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी १९६७ मध्ये दाखवले, की हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या पुढच्या भागापेक्षा वृषणाच्या त्वचेतून सुमारे ४२ पट शोषले जाते. नेमक्या त्याच भागात ही मलमे सर्रास चोळली जातात.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांना शेड्यूल एचखाली आणले. तरीही ‘ती खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की ती काउंटरवर येते. अशा मिश्रणाला आणखी बारीक थेंबांची जोड देणे म्हणजे चोराला शिडी लावून देणे. ‘नॅनो’ छापणाऱ्या कंपनीने ट्यूबमधले कोणते औषध किती जास्त आत जाते आणि शरीराच्या कोणत्या भागावर ते तपासले, हेही छापावे. औषध प्रशासनाने तशी सक्तीच करावी. घेणाऱ्याने तोवर घटकांची नावे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसले, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती ट्यूब घेऊ नये.

मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत किंवा होडीवर तापलेली ट्यूब वेगळी पाहावी. पिळल्यावर आधी पाणी आणि मग घट्ट गोळा आला, तर मोट सुटलेली असते. त्यात औषध सगळीकडे सारखे उरलेले नसते. मुदत शिल्लक असली तरी ती टाकून द्यावी.