तडजोड करा, पण चिठ्ठी फाडा

गेल्या पावसाळ्यात मालेगावच्या मोसम पुलावर माझ्या गाडीने पुढच्या गाडीला मागून धक्का दिला. चूक माझीच. सुरतच्या दलालाचा फोन कानाला होता आणि समोरच्याने ब्रेक मारलेला मला उशिरा दिसला. त्यांचा मागचा दिवा फुटला, डिकीचा पत्रा आत गेला. मागे हॉर्नचा गोंगाट. मी खिशातून ३,००० रुपये काढून दिले, त्यांनी घेतले, हात मिळवला आणि आम्ही आपापल्या वाटेला लागलो.

बारा दिवसांनी तेच गृहस्थ दुकानावर आले. हातात गॅरेजचे १४,००० रुपयांचे बिल. डिकीचे कुलूप बसत नाही, आतली वायर तुटली, असे त्यांचे म्हणणे. आधीचे ३,००० नाकारले नाहीत, "ते दिव्याचे होते" म्हणाले. माझ्याजवळ ना फोटो, ना पावती. उधारीवर एक तागा दिला तरी आपण चिठ्ठी फाडतो आणि इथे नोटा मोजून दिल्या त्या तोंडी! गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको म्हणून आणखी ५,००० देऊन विषय मिटवला. खरे कोण होते, ते मला अजून उमगलेले नाही.

तरीही आपसात मिटवणे चूक आहे असे मी म्हणणार नाही. हिशेब करून पाहा. पाच वर्षे क्लेम नसेल तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशी पायरीपायरीने चढते. मूळ हप्ता ८,००० रुपये धरला आणि तो तेवढाच राहिला, तर पाच वर्षांत १०,००० रुपये जास्त जातात. हातात काय येते? साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाची निम्मी किंमत कापतात, शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपले. म्हणजे ६,००० च्या बंपरचे २,००० मिळणार. त्यासाठी सर्व्हेअरची वाट पाहत कोण बसेल?

मात्र एक गोष्ट आपले लोक वाचत नाहीत. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे किंवा वचन देऊ नये, अशी अट पॉलिसीत छापलेली असते. आधी खिशातून द्यायचे आणि प्रकरण वाढले की कंपनीकडे धावायचे, हे जमत नाही. एकच वाट धरावी. आपसात मिटवायचे तर दोन्ही गाड्यांचे फोटो, गॅरेजवाल्याचा अंदाज, आणि एका कागदावर तारीख, गाड्यांचे नंबर, रक्कम, "यापुढे मागणी नाही" आणि दोघांच्या सह्या. माझ्या गाडीत आता दुकानाचे जुने पावतीपुस्तक असते, कार्बनसकट. मुले हसतात, हसू द्या.

हे सारे पत्र्यापुरते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १३४ माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालाचे नुकसान झाले तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायला सांगते. चेपलेल्या पत्र्यासाठी कोणी ठाण्यात जात नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण माणसाला लागले तर?

आमच्याच भागात एका कारखानदाराच्या गाडीचा धक्का सायकलवरच्या लूम कारागिराला लागला. ५०० रुपये हातावर ठेवले, "हळद-दूध पी" म्हणाले, चार बुजुर्गांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये मनगटाचे हाड मोडलेले निघाले. दीड महिना हात बांधलेला, मजुरी बंद. कलम १४६ ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे तो अशाच माणसासाठी. त्याचा हप्ता मालकाने भरलेला होता. दावा न्यायाधिकरणात गेला असता तर इलाज आणि बुडालेली मजुरी मागता आली असती. मालक म्हणतात, त्याने राजीखुशीने पैसे घेतले. पण तो त्यांच्याच लूमवर कामाला होता, त्याने नाही कसे म्हणावे?

माझ्या टेम्पोच्या ड्रायव्हरला मी सांगून ठेवले आहे. माणसाला खरचटले तरी आधी दवाखाना, मग पोलीस ठाणे, आणि त्यानंतर मला फोन.