संगणकाला धक्का का लावायचा नाही?



'संगणकाला धक्का लावू नये' ही सूचना संगणक कक्षात हमखास असते. मुलांना ती पाठही असते. पण का लावू नये, हे किती जणांना माहीत असतं? माझ्या मते कारण न सांगितलेली सूचना म्हणजे नुसती भिंतीवरची पाटी.

कारण अवघड नाही. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते. ७२०० आरपीएमची असेल तर सेकंदाला १२० फेरे! तिच्यावर अतिशय बारीक, गोल रेघांत माहिती साठवलेली असते. दांडीच्या टोकावरचं 'हेड' ती वाचतं, लिहितं. हेड चकतीला टेकत नाही, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. मधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी!

हे मुलांना समजवायचं तर लिंबू-चमचा शर्यत आठवायला सांगा. लिंबू कलंडायला लागलं की मूल चमचा सावरतं. डिस्कही तेच करते. चकतीवर ठिकठिकाणी खुणा असतात. त्या वाचून हेड रेघेवर आहे का, हे तपासलं जातं. सरकलं असेल तर चुंबक आणि तारेचं वेटोळं त्याला परत जागेवर आणतं. हे सेकंदाला हजारो वेळा चालतं. पण शेजाऱ्याने ढकललं तर? बारीक हादऱ्याने हेड रेघ सोडतं, काम अडतं. मोठा धक्का बसला तर ते चकतीवर आपटून ओरखडा उठतो, माहिती जाते.

हादरा हातानेच बसतो असंही नाही. आवाज म्हणजे कंपनच. मिरवणुकीत डॉल्बी लागला की तावदानं कशी थरथरतात, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. २०१६ मध्ये रोमानियातल्या बुखारेस्ट शहरात आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी झाली. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्क बिघडल्या आणि बँकेचे कार्ड व्यवहार कित्येक तास बंद पडले.

आणि आपण? मुलांना दटावतो, पण संगणक ठेवतो डुगडुगणाऱ्या बाकावर! सीपीयू चालू असतानाच सरकवतो. त्यात निकालपत्रकं असतात, मुलांच्या नोंदी असतात, स्नेहसंमेलनाचे फोटो असतात. बऱ्याचदा त्यांची दुसरी प्रतही नसते.

म्हणून माझा आग्रह आहे : बाकाचे पाय आधी पक्के करा. संगणक बंद करूनच हलवा. दारात मिरवणूक येणार असेल तर तो आधीच बंद ठेवा. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवाच.

कुणी म्हणेल, आता एसएसडी आल्या, त्यात फिरणारं काहीच नसतं. खरं आहे. पण आपल्या शाळांतले जुने संगणक अजून चालू आहेत. शिवाय बंद पडलेली हार्ड डिस्क भंगारात देण्याआधी एकदा वर्गात उघडून दाखवा. ती चकती, ती दांडी पाहिलेलं मूल संगणकाला धक्का लावणार नाही. पाटीची गरजच उरणार नाही.