घोड्याचे दुखणे आणि घोडेवाल्याचा खिसा

रात्री दोनच्या सुमारास घोडा मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहू लागतो, पुढच्या खुराने जमीन उकरतो, घामाने निथळतो, बसतो, लोळतो आणि पुन्हा धडपडून उठतो. ज्याची हयात घोड्यांत गेली त्यास हा पोटशूळ आहे हे सांगावे लागत नाही. घोड्यास ओकारी होत नाही. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान व पुढील आतडी लांबलचक. तेथे वायू कोंडला, चारा अडकला किंवा आतड्यास पीळ पडला, तर वरच्या वाटेने सुटका होण्याची सोय निसर्गाने या जनावरास ठेवलेलीच नाही. नाकपुडीतून नळी घालून जठर मोकळे करणारा जाणता पशुवैद्य त्या घटकेस पाहिजे. दुसऱ्या दिवशी आलेला उपयोगाचा नाही. अशा वेळी घोडेवाला प्रथम काय करतो? तो आपला खिसा चाचपतो, आणि 'सकाळपर्यंत पाहू' असे म्हणतो. या 'सकाळपर्यंत पाहू'च्या पायी किती घोडी दगावली याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही. परंतु हा प्रश्न केवळ घोडेवाल्यांच्या जातभाईंचा नसून तुमचा आमचा आहे, असे आमचे मत असल्यामुळे त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोणी म्हणेल की, मोटारींच्या या जमान्यात घोड्याची चिंता कशास? मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला. पशुगणनेकडे पाहावे तर २०१२ साली देशात सव्वासहा लाखांच्या आसपास असलेली घोडी व तट्टे २०१९ साली साडेतीन लाखांच्याही खाली आली. धंदा आपोआप मरत असता त्याच्या औषधाची वाटाघाट कोणी करावी? या आक्षेपास आमचे उत्तर असे की, जे साडेतीन लाख उरले ते हौशीचे नाहीत. शर्यतीचे व श्रीमंतांच्या पागेतील थोडके घोडे वजा केले म्हणजे बाकीचे सारे कोणाच्या तरी घरची चूल पेटविणारे आहेत. लग्नाच्या वरातीत पुढे चालणारी घोडी, विटांच्या भट्टीवर राबणारे घोडे, माथेरानास दस्तुरी नाक्यापासून प्रवाशांस व मालास पाठीवर घेऊन लाल मातीच्या वाटेने जाणारे तट्टू, ही सर्व त्याच हिशेबात येतात. घोडी घटली म्हणून त्यांचा प्रश्न सोपा झाला नाही, उलट अवघड झाला. कारण घोडी घटली तसा घोड्याचा अनुभव असलेला पशुवैद्यही दुर्मिळ झाला.

येथे इतिहासातील एक चमत्कारिक गोष्ट वाचकांच्या नजरेस आणून द्यावीशी वाटते. अर्वाचीन पशुवैद्यकविद्या आपल्या देशात आली ती मुख्यतः घोड्याच्या पाठीवर बसून. लष्करास घोडी धडधाकट हवी होती, म्हणून सरकारास पशुवैद्याची आठवण झाली. मुंबईत १८७४ साली ट्राम सुरू झाली तीही घोड्यांचीच. १९०५ पर्यंत शहराची वाहतूक त्यांनी ओढली. याच काळात परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वाने बाई साकरबाई यांच्या नावचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. एका व्यापाऱ्याने थैली सोडली आणि साऱ्या प्रांताची सोय झाली. आज त्या विद्येचा मोहरा गाय, म्हैस, कोंबडी व शहरातील पाळीव कुत्रे यांजकडे वळला आहे. वळला यात गैर काही नाही. दुधाचा व्यवहार मोठा आहे. पण ज्या जनावरापायी ही विद्या आपल्या दारी आली, तेच आज तिच्या दारी उपरे ठरावे, हे काही शोभादायक नव्हे.

आता खर्चाविषयी. पशुवैद्य लुटतात, अशी ओरड घोडेवाल्यांच्या अड्ड्यावर नेहमी ऐकू येते. आम्ही या ओरडीस सरसकट साथ देऊ इच्छीत नाही. साडेपाच वर्षे शिकून तयार झालेला मनुष्य रात्री आपली मोटार घेऊन तीसचाळीस मैल येतो, अंधारात लाथ मारणाऱ्या जनावराजवळ कंदिलाच्या उजेडात उभा राहतो, आणि आपल्या वेळेचे दाम मागतो. यात लूट कोणती? घोड्याचे औषध महाग पडते याचे कारणही साधे आहे. औषध देहाच्या वजनावर द्यावे लागते, आणि तीनशे किलोच्या तट्टास पाच माणसांएवढी मात्रा लागते. अंगातील पाणी आटलेल्या घोड्यास शिरेतून सलाइन द्यावयाचे तर अर्ध्या लिटरच्या बाटलीने भागत नाही, ते वीसवीस लिटर द्यावे लागते. पीळ पडलेले आतडे पोट फाडूनच सोडविता येते, व ती शस्त्रक्रिया जेथे होऊ शकते अशी ठिकाणे इतकी थोडी आहेत की, कामाच्या घोड्याचा मालक तिचा विचारही करीत नाही. तो घोड्याच्या गळ्यात हात घालून बसतो. मालक निष्ठुर असतो हा समज आम्ही स्वतः अनेक गोठ्यांत उभे राहून खोटा ठरलेला पाहिला आहे.

मग दोष कोठे आहे? आमच्या मते तो व्यवस्थेच्या अभावात आहे, व व्यापारी वाचकांस तो चटकन समजेल. समजा, शहरातून पशुवैद्य बोलावण्यास जाण्यायेण्याचे व वेळेचे मिळून दोन हजार रुपये पडले आणि औषधाचे पंधराशे. एका घोड्यापायी साडेतीन हजारांचा चुराडा झाला. हाच पशुवैद्य महिन्याच्या ठरल्या दिवशी आला, आणि त्याने एका ओळीत उभी केलेली वीस घोडी तपासली, तर प्रवासाचा बोजा घोड्यामागे शंभर रुपयांवर येतो. किराणा मालाचा जो दुकानदार एकेक पोते आणण्यासाठी निराळी गाडी भाड्याने करील त्याचे दिवाळे निघेल हे आपण सारे जाणतो. घोडेवाला नेमके हेच करीत आला आहे. तो पशुवैद्यास एकट्याने बोलावतो, रात्री बोलावतो, आणि दुखणे हाताबाहेर गेल्यावर बोलावतो. सर्वांत महागडे असे जे तीन प्रकार, ते तिन्ही तो एकदम विकत घेतो.

आणि ज्यावर खर्च थोडा, त्याकडे दुर्लक्ष करतो. धनुर्वाताचेच घ्या. या रोगाचे विष घोड्याइतके दुसऱ्या कोणत्याही पाळीव जनावरास बाधत नाही. खुरात खिळा रुतला की रोगाची बीजे आत शिरतात. मग जबडा मिटतो, शेपटी ताठ होते, आणि आठवडेच्या आठवडे उपचार करूनही जनावर बहुधा हातचे जाते. याची लस मात्र अल्प किमतीत मिळते. दातांची गोष्ट तशीच. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत राहतात, त्यांच्या कडा धारदार होऊन गालास व जिभेस कापतात. वर्षातून एकदा कानस फिरविली नाही तर जनावर दाणा नीट चावीत नाही, न चावलेला चारा पोटात जातो, आणि रात्री दोन वाजताच्या त्या पोटशुळास निमंत्रण मिळते. नालबंद पाचसहा आठवड्यांनी आला पाहिजे; तो चांगला असेल तर निम्मी लंगडेपणाची दुखणी उद्भवतच नाहीत. परंतु गावोगावचे जुने नालबंद गेले आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यास लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

सरकार या बाबतीत अगदीच स्वस्थ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता फिरते पशुवैद्यकीय पथक दारी यावे, अशी योजना केंद्राने काढली. एक लाख जनावरांमागे एक गाडी, असे तिचे प्रमाण आहे. लाखाच्या या हिशेबात घोडी किती बसणार, आणि पोटशुळाने तळमळणाऱ्या तट्टाची पाळी केव्हा येणार, हे ज्याचे त्याने ताडावे. देशभर ज्या लसी फुकट टोचल्या जातात त्या लाळ्याखुरकुतासारख्या रोगांच्या. ते रोग घोड्यास होतच नाहीत, म्हणून ती मोहीम त्याच्या दारावरून पुढे जाते. आणि ज्या धनुर्वाताने तो मरतो त्याची लस त्या यादीत नाही. विम्याची तऱ्हा याहून विलक्षण आहे. ओझ्याच्या घोड्यांस सरकारी साहाय्याने विमा मिळतो, आणि २०२४ साली मालकाचा हप्त्यातील वाटा शेकडा १५ वर आणला गेला, ही गोष्ट खरोखर अभिनंदनीय आहे. पण हा विमा घोडा मेल्यावर पैसे देतो. तो जगविण्यासाठी झालेल्या खर्चास त्यात जागा नाही! घोडा मेला तर भरपाई, वाचविला तर कर्ज, असा हा हिशेब आहे. आणि तरीही घोडेवाला कर्ज काढून घोडा वाचवू पाहतो, हे त्याच्या पदरी पुण्यच म्हटले पाहिजे.

कायद्याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. लंगड्या वा जखमी जनावरास कामास जुंपणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, व पहिल्या गुन्ह्यास दंड आहे दहापासून पन्नास रुपये. त्या जखमेवर औषधपाणी करावयाचे तर याच्या कित्येक पटी खर्च! ज्या राज्यात गुन्हा स्वस्त आणि उपचार महाग, तेथे मनुष्याने कोणती वाट धरावी अशी आपण अपेक्षा करतो? आम्ही गुन्ह्याचे समर्थन करीत नाही. नुसता दंड वाढविण्याची मागणी करणाऱ्या भूतदयावादी मित्रांस आमचे एवढेच सांगणे आहे की, आधी उपचार आवाक्यात आणा, मग दंड खुशाल वाढवा.

घोडेवाल्यांसही चार शब्द सुनावल्याखेरीज आमचे कर्तव्य पुरे होणार नाही. तापल्या सळईने डाग देणे, बांबूच्या नळकांड्याने घशात तेल ओतणे, आणि घोड्यास नजर लागली म्हणून लिंबूमिरची बांधून गप्प बसणे, हे प्रकार अजून बंद झालेले नाहीत. नळकांड्याने ओतलेले तेल पुष्कळदा फुप्फुसात उतरते, व पोटशुळाने न मेलेले जनावर त्या तेलाने मरते. डाग देणारा चारशे रुपये घेऊन जातो आणि मागाहून पशुवैद्यही बोलवावा लागतोच. म्हणजे खर्च दुहेरी. अंगावर गाठी फुटल्या व नाकातून घाण वाहू लागली असता ते लपवून जनावर घाईने बाजारात विकणारेही आहेत. हा ग्लँडर्स असू शकतो. त्यास औषध नाही, लस नाही, आणि तो मनुष्यासही होतो. १८९९ साली त्याविषयी स्वतंत्र कायदा झाला होता, व बाधित जनावर आजही नष्ट करावे लागते. दत्तजयंतीस सारंगखेड्याच्या यात्रेत देशोदेशीचे घोडे एकत्र येतात; तेथे असे एक जनावर उभे राहिले तर किती घरे बुडतील याचा विचार विकणाऱ्याने करावा.

उपायाविषयी आमची सूचना साधी आहे. जेथे वीसपंचवीस घोडी एका ठिकाणी आहेत, तेथील मालकांनी दर फेरीमागे पाच रुपये निराळ्या पेटीत टाकावे. दिवसास चार फेऱ्या व हंगामाचे दोनशे दिवस धरले तर घोड्यामागे चार हजार, आणि वीस घोड्यांचे ऐंशी हजार रुपये वर्षास जमतात. एवढ्यात महिन्याची ठरीव तपासणी, लसी, जंतांचे औषध व दातांची कानस ही सारी कामे होऊन रात्रीच्या अडचणीसाठीही काही शिल्लक राहू शकेल. पेटीचा हिशेब मात्र दरमहा फळ्यावर लागला पाहिजे. आपल्याकडे अशी मंडळे पैशाअभावी जितकी मोडली, त्याहून अधिक हिशेबाअभावी मोडली आहेत. दोन तरतरीत तरुणांस ताप पाहणे, नाडी मोजणे व पशुवैद्य येईपर्यंत काय करू नये एवढे शिकविले, तरी पुष्कळ काम होईल. निरोगी घोड्याची नाडी विसाव्यात मिनिटास चाळिसाच्या आसपास असते. ती साठाच्या वर गेली की 'सकाळपर्यंत पाहू' हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत.

हा भार एकट्या घोडेवाल्यांवर टाकून गावकऱ्यांनी मोकळे होऊ नये. माथेरानची नगरपरिषद येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवासी कर घेते. पाहुणे ज्या जनावराच्या जिवावर डोंगर पाहतात त्याच्या औषधासाठी अशा करातील एक ठरीव भाग बाजूस काढण्यास कोणती हरकत आहे? ज्या दुकानदाराचे तांदूळ व तेलाचे डबे घोड्याच्या पाठीवरून चढतात, त्यानेही पेटीत आपला वाटा टाकावा. मालाच्या किमतीत तो दिसणारसुद्धा नाही. आणि पाचशे रुपयांच्या फेरीस तीनशे द्यायला निघालेल्या आमच्या मध्यमवर्गीय गृहस्थांनी एवढे ध्यानात ठेवावे की, कमी केलेले ते दोनशे रुपये घोडेवाल्याच्या जेवणातून क्वचितच वजा होतात. ते आधी घोड्याच्या दाण्यातून व मग त्याच्या औषधातून वजा होतात.

पाऊस ओसरून दिवाळीचे गिऱ्हाईक डोंगर चढू लागेपर्यंतचे दिवस घोडेवाल्यास रिकामे असतात. त्यातलाच एक दिवस धरून, ज्या गावास शक्य असेल त्याने पशुवैद्यास बोलवावे, सर्व घोडी एका ओळीत उभी करावी, धनुर्वाताची लस टोचून घ्यावी व दात तपासून घ्यावे. खर्च किती आला आणि वर्षभरात रात्रीचे बोलावणे किती वेळा करावे लागले, याचा हिशेब आम्हांकडे धाडल्यास तो आम्ही याच स्तंभात बिनमूल्य छापू.