वहीतली पोती आणि खोलीतली पोती

बारावी कॉमर्सनंतर काय करायचं, असं पालक विचारतात. सीए किंवा बँकेची परीक्षा ही ठरलेली उत्तरं. मी हल्ली फॉरेन्सिक अकाउंटिंगही सांगते. हिशेबातली अफरातफर शोधायची आणि कोर्टात टिकेल अशा पुराव्यानिशी मांडायची, असा हा अभ्यास.

नागपूरकरांना त्याची गरज वेगळी सांगायला नको. आपल्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने २००१-०२ मध्ये सरकारी रोखे घ्यायला दलालांना शंभर कोटींहून जास्त रक्कम दिली. वहीत गुंतवणूक दिसत होती, पण रोखे बँकेत आलेच नाहीत! त्यातल्या 'होम ट्रेड'च्या जाहिरातीत तर सचिन आणि शाहरुख. गुन्हा २००२ मध्ये दाखल झाला. निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये, तत्कालीन अध्यक्षांसह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा. (त्यावर अपील झालंय.) तोवर ठेवीदार शेतकऱ्यांनी काय भोगलं, ते गावागावांत विचारा.

शाळेत पोषण आहार तपासायला येणारा चांगला अधिकारी नोंदवहीवर थांबत नाही, खोलीत जाऊन तांदळाची पोती मोजतो. बँकेत रोखे कोणी 'मोजले' असते तर?

आयसीएआयचा या विषयाचा सर्टिफिकेट कोर्स आहे, पण तो सीए झालेल्यांसाठी. एवढी वाट कशाला पाहायची? माझं म्हणणं, नागपूर विद्यापीठाने बी.कॉम.च्या दुसऱ्याच वर्षी हा विषय सक्तीचा करावा आणि पहिला धडा याच बँकेचा ठेवावा.