आवाजाला आधी वाट

अग्रक्रम म्हणजे काय, हे कर्जत-दहिवलीच्या नागरिकाला निराळे समजावून सांगावयास नको. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या पायथ्याशी, सदतिसास एक अशा चढणीच्या तोंडावर हे स्थानक वसले आहे. घाट चढणाऱ्या गाडीला येथे मागून बँकर इंजिने लागतात आणि मेलगाडीला वाट मिळावी म्हणून मालगाडी बाजूच्या रुळावर थांबून राहते. त्यात मालगाडीवर अन्याय झाला असे कोणी म्हणत नाही. कारण सिमेंटची पोती तासभर उशिरा पोहोचली तरी ती सिमेंटचीच राहतात. रेल्वेने कधीच पत्करलेला हा साधा व्यवहार, टेलिफोन आज ज्या नव्या मार्गावरून धावू लागला आहे तेथे मात्र कित्येक कचेऱ्यांनी आणि संस्थांनी अद्याप पत्करलेला नाही. त्याची किंमत आपण रोज तुटक्या संभाषणांच्या रूपाने मोजीत आहोत.

पूर्वी संभाषण चालू असेपर्यंत दोन टोकांमधील वाट त्या दोघांसाठीच राखलेली असे. आता तांब्याच्या तारेची जागा फायबर घेत आहे आणि इंटरनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या टेलिफोनमध्ये आवाजाचे बारीक तुकडे, म्हणजे पॅकेटे, करून ती पाठविली जातात. सामान्यतः एका सेकंदाच्या बोलण्याची ५० पॅकेटे होतात. त्याच वाटेने कचेरीतील फायली, सीसीटीव्हीची चित्रे आणि कोणाचा तरी चित्रपटही चाललेला असतो. वेगळी व्यवस्था केलेली नसेल तर सर्वांची रांग एकच; जो आधी आला तो आधी सुटणार.

वरवर न्याय्य दिसणारी ही रांग आवाजाला मात्र मारक ठरते. फाइलीचा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागविता येतो. आवाजाचा तुकडा उशिरा आला, तर पुढचे शब्द निघून गेलेले असल्याने तो टाकूनच द्यावा लागतो. बोलणाऱ्यापासून ऐकणाऱ्यापर्यंत १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. पंधराशे बाइटांचे एक मोठे पॅकेट ५१२ किलोबिट वेगाच्या जोडणीवरून जावयास सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. अशी सातच पॅकेटे पुढे उभी असली तरी मर्यादा ओलांडली जाते.

यावर 'मग अधिक वेगाची जोडणी घ्या' असे उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. वेग वाढला की तुकडा लवकर सुटतो हे मान्य. पण फाइल पाठविणारा संगणक मिळेल तेवढी सगळी वाट व्यापण्याचा प्रयत्न करतो, आणि बाहेर जाणारी वाट भरली की रांग पुन्हा लांबते. पैसे वेगावर खर्च होतात, दोष मात्र रांगेत राहतो.

वास्तविक आवाजाची भूक फार थोडी आहे. ६४ किलोबिटांच्या नेहमीच्या पद्धतीत पॅकेटांवरील पत्ते धरून एका संभाषणाला प्रत्येक दिशेने ८० किलोबिट पुरतात. दहा संभाषणे एकाच वेळी चालली तरी ८०० किलोबिट, म्हणजे २० मेगाबिटांच्या जोडणीचा अवघा पंचविसावा हिस्सा. उपायही नवा नाही. पॅकेटांवर वर्गाची खूण करण्याची पद्धत १९९८ साली ठरली. आवाजासाठी ४६ हा अंक रूढ झाला आहे. ती खूण पाहून राउटरने आवाजाला वेगळी, आधी सुटणारी रांग द्यावी, एवढेच करावयाचे असते. मात्र त्या रांगेला मर्यादा हवी; नाहीतर बाकीच्यांची उपासमार होईल आणि उद्या जो तो आपल्या सामानावर आवाजाचा शिक्का मारू लागेल.

हा पक्षपात नव्हे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. जुन्या ट्रंक कॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा पायऱ्या होत्या. अधिक दाम मोजणाऱ्याचा क्रम वर चढे. तो अग्रक्रम पैशाचा होता. इंटरनेटवर तशी विक्री होऊ नये म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१६ मध्ये भेदभावाच्या दरांना मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारले. ते रास्तच झाले. परंतु त्या तत्त्वानेही वाहतुकीच्या वाजवी नियमनास वाव ठेवला आहे. कोण बोलतो हे न पाहता, बोलणे थांबू शकत नाही एवढेच पाहून दिलेला अग्रक्रम समतेच्या विरुद्ध नाही.

अर्थात या खुणेचा अधिकार आपल्या आवारापुरता आणि पुरवठादार मानील तेथपर्यंतच चालतो. खुल्या इंटरनेटवर तिला कोणी जुमानेलच असे नाही. मोबाइल कंपन्या आपल्या ४जी जाळ्यावरील स्वतःच्या कॉलला राखीव वाट देतात. त्याच मोबाइलमधील ॲपवरचा कॉल सामान्यतः इतर इंटरनेटबरोबर रांगेत उभा असतो. म्हणूनच नगरपरिषदा, पंचायती आणि रुग्णालये यांनी टेलिफोनचा करार करतानाच अटी लिहून घ्याव्यात: बाहेर जाणाऱ्या वाटेवर आवाजाला अग्रक्रम असावा, पुरवठादाराने आपल्या जाळ्यातही तो पाळावा, आणि जोडणी पूर्ण भरलेली असताना संभाषणाची चाचणी घेतली जावी. यंत्र बसवून सही घेणे म्हणजे काम पुरे होणे नव्हे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. अशा रात्री मदतीचा पहिला आधार म्हणजे नीट ऐकू आलेले गावाचे नाव. एकट्या कर्जत तालुक्यात दहिवली तर्फे नीड आणि दहिवली तर्फे वरेडी अशा दोन दहिवली आहेत. फुटक्या आवाजात शेवटचा शब्द गळाला, तर रुग्णवाहिकेने कोणत्या दहिवलीची वाट धरावी? फाइल पाच मिनिटांनी पोहोचली तर कोणाचे काही जात नाही. हा एक शब्द मात्र वेळेवरच पोहोचला पाहिजे, आणि ते साधण्यासाठी राउटरमधील एका नियमाची आणि करारातील चार ओळींचीच काय ती गरज आहे.